गल्लीतून पट्टा जाणार

आश्विन लागला की मला खाट ओढल्याचा आवाज ऐकू येतो. लोखंडी खाटेचे पाय डांबरावरून ओढले की जो खर्रर्र आवाज होतो, तो. आता आमच्या गल्लीत लोखंडी खाट कुणाकडे राहिली नाही. सगळ्यांकडे बॉक्सचे पलंग आले, आणि ते इकडचे तिकडे करायचे तर चार माणसं लागतात. तरी पाऊस ओसरतो, दुपारचं ऊन पाठीला चावायला लागतं, पहाटे अंगावर काहीतरी ओढून घ्यावंसं वाटतं, आणि अर्धवट झोपेत तो आवाज येतोच. भूकंपाच्या वर्षीचा आश्विन माझ्या कानात असा बसून राहिला आहे. या वयात कुणाला गुडघे धरतात, कुणाला कंबर. मला हे धरलं.

आमची गल्ली लातुरातली. एके काळी राहायची गल्ली होती, आता क्लासेसची आहे. जूनमध्ये एसटीतून पत्र्याच्या पेट्या, बादल्या, गाद्यांच्या वळकट्या आणि आईबाप उतरतात. आठवडाभरात आईबाप परत जातात. पेट्या आणि पोरं राहतात. मुरुडची, निलंग्याची, नांदेडकडची, कुठकुठली पोरं. ज्याला जिना काढता आला त्यानं जिना काढला, ज्याला मजला चढवता आला त्यानं मजला चढवला. मीही दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या मुलींना दिल्या आहेत. तळमजल्यावर गाडी लावायची जागा होती तिथं लोकांनी अभ्यासिका केल्या, मेस काढल्या, आणि गाड्या आल्या रस्त्यावर. मग रस्ता उरला निम्मा. त्या निम्म्या रस्त्यातून उजाडायच्या आधी सायकलींचा लोंढा निघतो, समोरून क्लासच्या बसा येतात, दूधवाले येतात, आणि रोज कुणाचं ना कुणाचं ढोपर फुटतं. ज्या पोरांमुळे गल्ली वर आली त्यांनाच चालायला जागा नाही. हे मी कितीदा बोलून दाखवलं. आता बोलायचाही कंटाळा येतो.

तर यंदा, पितृपक्ष संपता संपता, महापालिकेची माणसं टेप आणि चुन्याची पिशवी घेऊन आली. गटाराच्या कडेनं सायकलींसाठी वेगळा पट्टा आखायचा होता. समोरच्या घराच्या दारात आप्पा खुर्ची टाकून बसले होते. आप्पा म्हणजे आमचे शेजारी. मोंढ्यात त्यांचं भुसार मालाचं दुकान होतं, आता मुलगा बसवराज बघतो. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, पांढरा सदरा. हे अजून तसंच आहे. बाकी आप्पांचं हल्ली थोडं पुढंमागं होतं. सकाळी जेवल्याचं दुपारी आठवत नाही, पण निजामाच्या काळातलं कुणाचं कुणाशी लागलेलं भांडण तपशिलासकट आठवतं.

“काय करायलाव रे पोरंहो?” आप्पांनी विचारलं.

“आजोबा, पट्टा जाणार हाय इथनं,” चुना टाकणारा म्हणाला.

आप्पांचा चेहरा उतरला. “पट्टा? आपल्या गल्लीतनं?”

“हाव. ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत.”

आप्पा उठले, आत गेले, उशी आणि चादर घेऊन बाहेर आले आणि ओट्यावर अंथरूण घालून बसले. सून जेवायला बोलवायला आली तर म्हणाले, ताट हितंच आण, आणि लेकरांना पण बाहेर काढ. सगळे हसले. बसवराजही हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण त्या शब्दाचा अर्थ गल्लीत आता आम्हा दोघांनाच ठाऊक होता.

त्या वर्षी गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते आणि पहाटे जमीन हलली. लातुरात भिंतींना भेगा गेल्या, माळ्यावरची भांडी खाली आली, पण घरं बहुतेक उभी राहिली. खाली बसली ती तिकडं, किल्लारीकडं. दुपारपर्यंत दवाखान्याच्या आवारात माणसं ठेवायला जागा राहिली नाही. संध्याकाळी जो तो आपापल्या घराकडे असा बघत होता, की हे घर रात्री आपल्याला खाणार. आणि मग कुणी न सांगता सगळी गल्ली खाटा घेऊन रस्त्यावर आली. वाणी, मास्तर, वकील, पोस्टातले कारकून, सगळे एका ओळीत, उघड्या आभाळाखाली. ज्या बायका आयुष्यात कधी परपुरुषासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हत्या, त्या भर रस्त्यात चादर डोक्यावर घेऊन निजल्या. भीती मोठी झाली की लाज आपोआप लहान होते.

तेव्हा पेपरात नकाशे यायचे. त्यात काळ्या रेघांनी भूकंपाचा पट्टा दाखवलेला असायचा. लोक त्या नकाशावर बोट फिरवून आपलं घर शोधायचे. पट्टा पाण्याच्या टाकीखालून गेलाय, असं कुणी म्हणायचं. नाही, मोंढ्याखालून, असं दुसरा म्हणायचा. पाहुण्यांकडे जाऊन आलेला माणूस सांगायचा की उदगीरकडं पट्टा नाही, तिकडं लोक घरात झोपतात. मग दोन दिवस सगळ्यांना उदगीरकरांचा हेवा. पट्टा या शब्दाला त्या आश्विनात दुसरा अर्थच नव्हता.

आणि मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. त्यामुळे माझी जी अवस्था झाली ती काही विचारू नका. दिवेलागणीला खाट टाकली की एकेक जण यायचा. “बाई, आज होणार का?” जणू वरून मला आधी कळवून मग धक्के सोडत होते. मी आपली खरं तेच सांगायची, की सांगता येत नाही, शास्त्रालाही सांगता येत नाही. लोक नाराज होऊन जायचे. एका संध्याकाळी आप्पा चिडले.

“सांगता येत न्हाई, सांगता येत न्हाई. मंग तुमी भूगोलात शिकवता तरी काय, बाई?”

“नद्या,” मी म्हणाले.

आप्पाच आधी हसले. पोट धरून हसले. त्यांच्यामागून गल्ली हसली. भूकंपानंतर आमच्या गल्लीत पहिल्यांदा कुणी हसलं ते असं माझ्या अज्ञानावर. त्यानंतरही आप्पा रोज विचारायचे, पण आता ती आमची थट्टा झाली होती. बाई, आज होणार का? सांगता येत नाही, आप्पा. चला, मंग झोपा.

पण खाटांनी रस्ता भरला आणि दुसरीच अडचण उभी राहिली. आप्पांची मुलगी महानंदा त्या वर्षी बारावीला होती. लातूर पॅटर्न हा शब्द तेव्हा नुकता लोकांच्या तोंडी बसायला लागला होता. महानंदाची शिकवणी उजाडायच्या आधी असायची. सर छताखाली बसवायला तयार नव्हते, म्हणून मोकळ्या मैदानात ताडपत्री अंथरून पोरं रसायनशास्त्र शिकत होती. धक्का बसला की फळा हलायचा, सर खडू धरून थांबायचे, आणि मग पुढचं समीकरण. पण मैदानापर्यंत जायचं कसं? पहिल्या दिवशी महानंदा सायकल घेऊन निघाली ती कुणाच्या तरी खाटेला अडकून वकिलांच्या अंगावर पडली. सायकल अंगावर आली, वकिलांना वाटलं छत आलं. ते जे ओरडले, त्यानं चार गल्ल्या उठून बसल्या.

त्याच संध्याकाळी आप्पांनी दुकानातून फक्कीची पिशवी आणली आणि गटाराच्या कडेनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढरी रेघ ओढली. सायकलीचं हँडल आणि वर चार बोटं, एवढी रुंद वाट. “ह्याच्या आत खाट न्हाई,” म्हणाले. “लेकरं जातील, दूधवाला जाईल, दवाखान्यात डबा न्यायचा तो जाईल.” कुरकुर झालीच. रेघेत ज्यांची खाट येत होती त्यांनी तोंडं वाकडी केली. आप्पांनी स्वतःची खाट आधी मागं घेतली, इतकी मागं, की तिचे दोन पाय ओट्याच्या पायरीवर चढले आणि महिनाभर ते तिरपे झोपले. मग बाकीच्या खाटाही सरकल्या.

रात्री झोपेत माणसं पसरतात, खाटाही सरकतात. म्हणून पहाटे आप्पा उठून हाळी द्यायचे, “खाटा मागं घ्याऽ, लेकरं निघाली!” डोळे मिटलेलेच असायचे, पण पाय खाली टेकून जो तो खाट मागं ओढायचा. खर्रर्र, खर्रर्र, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग घंटी वाजायची. महानंदा पुढं, मागं पाच-सहा पोरी, आणि आमच्या उशाजवळून चाकं सुळ्ळकन निघून जायची. त्या वाटेनं शिकवणीची पोरं गेली तशा भाकरीही गेल्या. सकाळी बायका रस्त्यावरच्या चुलींवर थापायच्या, आणि फडक्यात बांधलेल्या चळती सायकलीच्या कॅरियरवरून स्टँडवर, तिथून ट्रकनं किल्लारीकडं. परतीचा पाऊस आला की सगळे ताडपत्रीखाली शिरायचे आणि फक्की वाहून जायची. संध्याकाळी आप्पा पुन्हा रेघ ओढायचे.

दुःखाचे दिवस गोड करून सांगायचा मला तिटकारा आहे. तो आश्विन वाईट होता. माझी एक मैत्रीण तिकडच्या गावात शिक्षिका होती, ती सापडली नाही. माझे यजमान निलंग्याला बँकेत होते; ते शनिवारी येईपर्यंत दोन मुलांना कुशीत घेऊन मी बसून राहायची. थंडी वाजायची, डास चावायचे, लोक एकमेकांच्या घोरण्यावरून भांडायचे. पण पोरींना जायला वाट हवी, यावर मात्र कुणी पुन्हा भांडलं नाही. मला त्या काळातलं एवढं एकच परत हवं आहे, आणि तेच मिळत नाही.

महानंदा डॉक्टर झाली नाही. फार्मसीला गेली, आता हैदराबादेत असते, रविवारी फोन करते. आप्पा फोनवर तिला अजून विचारतात, पेपर कसा गेला म्हणून.

यंदाचा पट्टा आखून झाला. चुन्यावर पांढरा रंग चढला, मध्ये हिरवा, आणि जागोजागी सायकलीचं चित्र. पहिल्याच संध्याकाळी एका चित्रावर पाणीपुरीची गाडी उभी राहिली. दुसऱ्यावर कुणी गादी वाळत घातली. आणि बाकी सगळ्या चित्रांवर चारचाकी. सर्वांत पुढं बसवराजची, पांढरीशुभ्र, नवीकोरी, तिची दोन चाकं बरोबर हिरव्यात. सायकलवाली पोरं होती तिथंच, रस्त्याच्या मधोमध. उलट आता लोक त्यांच्यावर खेकसायला मोकळे झाले, तुम्हाला पट्टा दिलाय ना, मग इकडं का येता?

त्यात माझ्याकडची ऋतुजा पडली. ऋतुजा किल्लारीजवळच्या, भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या गावातली. वडील जीप चालवतात. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचं तिचं हे दुसरं वर्ष, म्हणजे घरच्यांच्या धीराचंही दुसरं वर्ष. पट्ट्यातली गाडी चुकवायला ती बाहेर वळली, मागून बस आली, तिनं घाबरून ब्रेक दाबला. हनुवटीला टाके पडले. जीव वाचला, असं सगळे म्हणाले. संध्याकाळी आरशात बघत ती मला म्हणाली, “बाई, आमच्या गावात रस्ते लई रुंद हाईत. सरकारनं आखून दिलेत. पण त्या रस्त्यानं जायाला कुठं काही हायच न्हाई.”

फोनवर तिचे वडील म्हणाले, “बाई, मी सोमवारी येतो अन् तिला घेऊन जातो. शिक्षण ऱ्हायलं तर ऱ्हायलं.” घरात तिची काळजी मी घेऊ शकते, रस्त्यावर कशी घेऊ? ऋतुजा तेव्हापासून पुस्तक उघडून बसायची आणि पान उलटायची नाही.

मी बसवराजकडे गेले. पोरगा वाईट नाही. भूकंपाच्या वेळी तो सहा-सात वर्षांचा होता, आप्पांच्या त्या तिरप्या खाटेवर त्यांच्या पायाशी झोपायचा आणि पहाटेपर्यंत घरंगळून खाली यायचा. त्यानं मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि म्हणाला, “बाई, गाडी कुठं लावू सांगा. गच्चीवर? खाली अभ्यासिका हाय, तिच्यावर घराचा हप्ता निघतो. मी एकट्यानं काढली अन् बाकीच्यांनी न्हाई काढली, तर मीच येडा ठरन की.”

“गल्लीच्या टोकाला मैदान आहे.”

“तिथनं चालत यायचं?”

माझ्याकडे गाडी नाही, म्हणून मला उपदेश सोपा. आप्पा ओट्यावर अंथरुणात बसून सगळं ऐकत होते. त्या दिवसापासून ते काही घरात झोपले नव्हते. पट्ट्याचं बोलणं ऐकून त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. मी उठले. जिना चढताना दमले, आणि वाटलं, हे आता आपल्याच्यानं होत नाही. ज्यांना राहायचंय त्यांनी बघावं.

रविवारी संध्याकाळीच ऋतुजाचे वडील आले. त्यांनी पेटी बांधली. ऋतुजा म्हणाली, उद्या सकाळचा क्लास तेवढा करून येते, पैसे भरलेत. ते बरं म्हणाले, पण मी क्लासच्या गेटपर्यंत येणार, असंही म्हणाले.

पहाटे माझी झोप त्या आवाजानं उघडली. नेहमीसारखा कानातला असेल म्हणून मी पडून राहिले. पण आवाज खाटेचा नव्हता. माणसाचा होता.

“खाटा मागं घ्याऽ! लेकरं निघाली!”

मी गॅलरीत आले. नुकतं फटफटत होतं. आप्पा रस्त्यात उभे होते, अंगाला चादर गुंडाळलेली, आणि बसवराजच्या गाडीच्या बॉनेटवर थापा मारत होते. “उठा रे! खाट मागं घे, वकील! पोरी जायच्यात!” एकेका गाडीपाशी जायचे, टपावर थाप मारायचे, आणि त्या घराच्या पूर्वीच्या मालकाच्या नावानं हाक मारायचे. त्यातले निम्मे मालक आता या जगात नाहीत. दारं उघडली. लोक बनियनवर बाहेर आले. सायकली घेतलेली पोरं फाटकापाशी खोळंबून बघत राहिली. ऋतुजा माझ्या गेटात होती, तिचे वडील तिच्या मागं.

बसवराज धावत आला. “आप्पा, आत चला. लोक बघायलेत.”

“आधी खाट घे.”

“आप्पा, ही गाडी हाय.”

“तुजी खाट लेकरांच्या वाटंत हाय, बसू,” आप्पा शांतपणे म्हणाले. “आपली आधी घ्यायची असती, मंग दुसऱ्याला म्हणायचं.”

बसवराजनं ओट्याच्या पायरीकडं बघितलं. त्याला काय आठवलं ते मला माहीत नाही. मला तो ओट्याच्या पायरीखाली घरंगळलेला आठवला. तो आत गेला, किल्ली घेऊन आला, आणि गाडी मागं घेत घेत टोकाच्या मैदानात लावून आला. आप्पा तोवर दुसऱ्या बॉनेटपाशी पोचले होते. म्हाताऱ्याशी वाद कोण घालणार? दुसरी गाडी निघाली, मग तिसरी. चौथ्या दारातल्या गृहस्थांनी जरा तोंड वाकडं केलं, पण तेही किल्ली आणायला वळले. हिरवा रंग पहिल्यांदाच सगळा दिसला.

त्याला आता पंधरा दिवस होत आले. रोज असंच चालतं. गल्लीत काही शहाणपण आलं, असा कुणी समज करून घेऊ नये. आप्पांना समजवायचं लोकांनी सोडून दिलं आहे, एवढंच. काही जण तर कटकट नको म्हणून आदल्या संध्याकाळीच गाडी मैदानात लावतात. कायद्यानं झालं नाही, माझ्या बोलण्यानं झालं नाही, एका माणसाचं डोकं तीस वर्षं मागं गेलं म्हणून झालं. ते उद्या ताळ्यावर आलं, किंवा आप्पाच राहिले नाहीत, तर परवा तिथं गाड्या असतील. मला ते दिसतं आहे. पण आजचं आज.

त्या सोमवारी ऋतुजाच्या वडलांनी मला विचारलं होतं, “बाई, म्हातारं रोज उठतंय का?”

“रोज,” मी म्हणाले. पुढं काय ते मला कुठं ठाऊक होतं? पण म्हणाले.

त्यांनी पेटीची दोरी सोडली. “मंग दिवाळीपस्तोर बघू,” म्हणाले, आणि जीप घेऊन गेले.

आज पहाटे मी दूध घ्यायला खाली उतरले. थंडी पडायला लागली आहे. पट्टा मोकळा होता. आप्पा त्याच्या कडेला, दारातल्या खुर्चीत बसले होते. ऋतुजा सायकल घेऊन गेटाबाहेर आली तशी त्यांनी हात आडवा करून तिला थांबवलं आणि माझ्याकडे वळले. डोळ्यांत पाणी होतं. थट्टा नव्हती.

“बाई, आज होणार का?”

शास्त्र तेव्हा होतं तेच आहे. मुलींना मी जन्मभर तेच शिकवलं.

“नाही आप्पा. आज नाही होणार.”

“पक्कं?”

“पक्कं.”

आप्पांनी हात खाली घेतला. “जा माय, महानंदा,” ते ऋतुजाला म्हणाले, “जा. वाट मोकळी हाय.”